उणे साडेपाच

चौथीत माझा पहिला नंबर आला.
वर्गात नाही, डोळ्यांत.
बाबा म्हणाले, चला, घरचंच गिऱ्हाईक.

नारायण पेठेत दुकान, बारा बाय नऊ.
घासायचं मशीन संध्याकाळी सातला गप्प व्हायचं
आणि बाबा जेवायला बसायचे
तेव्हा मनगटावरच्या केसांत काचेची पांढरी भुकटी.
पाऊण, दीड, अडीच, चार...
उंचीबरोबर माझा नंबरही वाढला.
उंची थांबली.

कारण विचाराल, तर मोठं काही नाही.
वेताळ टेकडीवर धापा टाकत पोचावं
आणि स्वतःच्याच वाफेने गाव पुसलं जावं.
तलावात उतरताना पायऱ्या पायाने शोधायच्या,
सोबतच्या बायका आवाजावरून ओळखायच्या.
अठ्ठावीस वर्षं झाली. पुरे.

कर्वे रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
एका यंत्राने माझ्या बुबुळाचा नकाशा काढला.
जाडी पाचशे बारा मायक्रॉन,
म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून केसभर जास्त.
एवढ्याच्या आड मी आजवर सगळं पाहिलं.
तेजल शिंगवी समोर बसून सांगत होत्या:
आठवडाभर डोक्यावरून पाणी नाही, काजळ नाही,
डोळे कोरडे पडतील, थेंब चुकवायचे नाहीत,
रात्री दिव्यांना काही दिवस कडी दिसतील,
आणि मॅडम, चाळिशी आली की चाळिशी लागणारच,
त्याला लेसरचा इलाज नाही.
मी चष्मा नाकावर सारला आणि
बारीक अक्षरांतली चार पानं वाचून सही केली.

बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.
दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
वाटलं, त्यांना लागेल.
त्यांनी वाटीतलं शेवटचं ताक प्यायलं, मिशी पुसली.
म्हणाले, म्हणजे भिंग घासायचंच. आतलं.
मग विचार त्यांना, मधे जाडी किती उरते?
तिनशेच्या वर, मी म्हटलं.
मान हलवली. बरं आहे. कच्चं काम नाही.

टेबलावर पापण्यांना चिमटे,
तोंडावर हिरवं कापड, हातात कुणीतरी दिलेला स्पंजचा चेंडू.
हिरव्या दिव्याकडे बघा, हलू नका.
मग डोळा दाबला गेला आणि दिवा विझला.
उघड्या डोळ्याने काहीच न दिसणं,
हे कुठल्याच पानावर लिहिलं नव्हतं.
दिवा परत आला, फुटलेला, शेवाळासारखा.
टकटकटकटक, सतरा सेकंद.
जळल्या केसाचा वास.
मी चेंडू दाबत राहिले आणि सातची वाट पाहिली,
मशीन गप्प होण्याची.

दुपारभर कुणी डोळ्यांत कांदा चिरत होतं.
सकाळी उठले, हात सवयीने उशीशेजारी गेला,
आणि त्याआधीच समोरच्या टाकीवर
कावळा दिसला. त्याच्या चोचीत वाकडी तार.
तारेला गंज.

एक मात्र कुणाला विचारलं नव्हतं.
भांडण अंगावर आलं की मी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे.
सुधन्वाचा चेहरा मऊ व्हायचा,
कपाळावरची आठी, ओठांची कड, सगळं धुक्यात,
आणि उरलेला आवाज सोसवायचा.
आता मंगळवारच्या बोलण्यात
मला त्याची डावी पापणी फडफडताना दिसली.
तो थकलाय, हे मला
इतकी वर्षं ऐकूच आलं नव्हतं.
मी गप्प बसले. तोही बसला.
मग खाली जाऊन दूध आणलं कुणीतरी, बहुतेक मीच.

म्हात्रे पुलावर अजून दिव्यांना कडी आहेत.
जातील म्हणतात, तीन महिन्यांत.
मला घाई नाही.

जुना चष्मा बाबांनी मागून घेतला.
सदऱ्याच्या टोकाने पुसला, खिडकीशी नेला,
हातभर लांब धरून एकदा आडवा, एकदा उभा फिरवला.
उजवी काच जरा तिरकी बसली होती गं, म्हणाले.
कधी बोलली नाहीस.